अमेरिकेच्या दोघी आणि चुडाव्याच्या आत्या

माझ्या बहिणीच्या लग्नात अमेरिकेच्या दोन बायांनी वरपक्षाचा अपमान केला. त्या स्वतः लग्नाला आल्या नव्हत्या.

त्या होत्या कॅसेटमध्ये. पुण्याचा माझा मावसभाऊ सुट्टीत सेलूला आला आणि जाताना ती कॅसेट आमच्याकडे विसरला (मी लपवली होती, म्हणून विसरला). "हा हिप-हॉपचा अल्बम आहे. याला रॅप म्हणतात. गायचं नाही, नुसतं ठेक्यात बोलायचं," असं त्यानं मला समजावलं होतं. वेष्टनावर दोन पोरी होत्या. कानात बांगडीएवढ्या रिंगा, अंगात बापाची वाटावीत अशी जाकिटं, आणि नळावर कुणीतरी आपली घागर मागं सारल्यासारख्या दोघी कमरेवर हात ठेवून उभ्या!

मी ती कॅसेट महिनाभर ऐकली. एक शब्द कळला नाही. तरी मान डोलवायचो, आणि कुणी विचारलंच तर "लय खोल अर्थ हाय," म्हणायचो. त्या साली विद्यापीठाच्या नामांतरावरून सारखे बंद व्हायचे, परीक्षा पुढं गेल्या होत्या, निकाल लागायचा होता, त्यामुळे बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या मुलाबद्दल घरात अजून आदर होता.

सुनीताताईचं लग्न चुडाव्याच्या मुलाशी ठरलं. वऱ्हाड सकाळच्या पॅसेंजरनं सेलूला उतरलं. नवरदेवाच्या मित्रांवर छाप पडावी म्हणून मी कॅसेट लाऊडस्पीकरवाल्या रफिकभाईंच्या हातात ठेवली.

"भाई, मौका बघून लावा."

"फिकर नको करू," रफिकभाई म्हणाले, आणि त्यांनी नेमका मौका साधला. विहिणींची पंगत बसली होती!

आता, आमच्याकडची रीत अशी. विहिणी जेवायला बसल्या की नवरीकडच्या बायांनी गाण्यातून त्यांची टर उडवायची, आणि विहिणींनी घास थांबवून तसंच सवाई उत्तर द्यायचं. टर उडवलीच नाही, तर पाहुण्या म्हणतात, आमाला कुणी इचारलंच न्हाई. त्या दिवशी ओरडून ओरडून आईचा आवाज बसला होता, आणि आई सुरुवात करत नाही तोवर बाकीच्या गप्प. पलीकडे नवरदेवाच्या दोन आत्या, गयाआत्या आणि त्यांची धाकटी बहीण कौसाआत्या, उत्तरं तोंडपाठ करून वाट पाहत होत्या.

तेवढ्यात भोंग्यातून धाड् धाड् ठेका सुरू झाला आणि दोन बाया एकमेकींचं वाक्य तोडत तावातावानं बोलू लागल्या. दोघी आत्यांचे हात जिलबीवरच थांबले.

"आँ! बाया भाड्यानं आणल्या व्हय?" गयाआत्या.

"अन् त्या बी इंग्रजीतल्या!" कौसाआत्या. "शिव्या द्या की, आमी कुठं न्हाई म्हणलं? पण आमाला कळंल अशा द्या! आता उत्तर काय द्यावं माणसानं?"

दोघींनी पानावरून हात काढला. त्यांच्यामागोमाग सगळ्या पंगतीनं काढला. अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, तोंड पांढरं पडलं. घरातून ताईनं मला हाताला धरून आत ओढलं.

"सुभ्या, त्या उपाशी उठल्या तर जलमभर मला ऐकावं लागंल. तुला इंग्रजी येतं ना? जा, अर्थ सांग!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं. मी गेलो आणि पंगतीपुढं उभा राहिलो.

"आत्या, त्या म्हणायलेत, पाहुणे लय चांगले हायेत."

"मंग इतक्या वसावसा कामून बोलायलेत?" गयाआत्यांनी विचारलं. "तारीफ करताना कुणी असं अंगावर येतं का?"

मुद्दा बिनतोड होता. पुढचं कडवं तर आणखीच चिडकं निघालं. आता टर उडवल्याशिवाय सुटका नव्हती, आणि सुचेना काहीच. मग साखरपुड्याला आम्ही चुडाव्याला मुक्कामी होतो तेव्हाचं एकदम आठवलं.

"त्या म्हणायलेत," मी म्हणालो, "कौसाआत्या घोरायला लागल्या की चुडाव्याला इंजनाची शिट्टी ऐकू येत न्हाई. गाडी तशीच निघून जाती अन् लोक फलाटावर राहतेत!"

मग गयाआत्या फिसकन हसल्या आणि त्यांना ठसका लागला. "खरं हाय पण! एक अक्षर खोटं न्हाई!"

कौसाआत्या मात्र उठून उभ्या राहिल्या. "माझं घोरणं अमेरिकेला गेलं कसं? सांगितलं कुणी?"

सगळ्या पंगतीनं माझ्याकडे पाहिलं. (मी भोंग्याकडे पाहिलं.)

कौसाआत्यांनी पदर खोचला आणि रफिकभाईंचा माईक हिसकावला. "बाजा बंद करू नको रे. व्हाऊ दे!" आणि त्या परदेशी ठेक्यावर त्यांनी सुरुवात केली,

"नवरीचा भाऊ कालेजात जातो,
पुस्तक उशाला घेऊन निजतो!"

"निजतो गं बाई निजतो!" गयाआत्यांनी मागून झेललं.

"मामाच्या पोराची कॅसेट चोरतो,
अर्थ इचारला की घामानं भिजतो!"

(मावसभावाची होती, आणि भोंगा ऐकताच त्यानंच मांडवात बोंब मारली होती, पण तपशिलावर बोलायची ती वेळ नव्हती.) अमेरिकेच्या दोघी एका बाजूनं, चुडाव्याच्या दोघी दुसऱ्या बाजूनं! अमेरिकेच्या बाजूची कॅसेट तरी संपली. चुडाव्याची संपेना. शेवटी दोघी खाली बसल्या, पोटभर जेवल्या, जिलबी मागून घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं ताईला लेकीसारखी घेऊन गेल्या. मी मात्र पुढं इंग्रजीत नापास झालो, आणि त्याचं आश्चर्य फक्त अण्णांना वाटलं.

काही वर्षांनी माझं लग्न झालं. ताईच्या सासरच्या म्हणून दोघी आत्या आमच्या वऱ्हाडात होत्या. मी निर्धास्त होतो. पंगत बसली, नवरीकडच्या बाया घसा साफ करू लागल्या, आणि आमच्या दोन्ही तोफा उठून सरळ त्यांच्यात जाऊन बसल्या!

"आत्या, तुमी आमच्याकडच्या!" मी ओरडलो.

"त्या अमेरिकेच्या दोघी तरी कुठं तुमच्याकडच्या व्हत्या?" कौसाआत्या म्हणाल्या, आणि त्यांनी माईक मागवला.

त्यानंतर माझी चोरी, माझा निकाल आणि माझी झोप यांवर दोघी जे काही बोलल्या, त्यातला शब्दन् शब्द मला कळला. शेजारी बसलेल्या माझ्या नव्या बायकोनं मान वळवून हळूच विचारलं, "हे खरं हाय का?"

आयुष्यभर इंग्रजी कळतं म्हणून सांगत आलेला मी तिला म्हणालो, "काय की! मला मराठी नीट कळत न्हाई."