टोपलीनं उचललं

आई वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन पवनारहून वर्ध्याच्या बाजारात पायी जायची. बसभाडं वाचवून तिने मला घरातला पहिला बी.ए. केलं. यंदा गावाजवळ बलून महोत्सव भरला. चल म्हटलं, तर म्हणाली, "आपलं काय काम तिथं? तूच जाजो."

मी एकटाच गेलो. बलूनच्या वेताच्या टोपलीत माझ्याआधी एक भाजीवाली म्हातारी चढली, ती चपला खाली काढून.

"मावशी, असू द्या चपला," बलूनवाला म्हणाला.

"टोपलीले चपलीचा पाय लावत नाई, बापू."

बलून जमिनीवरून सुटलं, तसा तिचा हात सवयीने डोक्यावर गेला. तिथे काहीच नव्हतं. ती खदखदून हसली. "जनमभर मी टोपली उचलली, आज टोपलीनं मले उचललं!"

घरी हे सांगितलं, तशी आईही हसली. दुसऱ्या सकाळी चपला खाली काढून ती टोपलीत चढली. आमचं वांग्याचं वावर तिने वरून पाहिलं.