मामांच्या सदऱ्याचे बटण

शनिवारची दुपार. भोजनोत्तर मी खाटेवर अंग टाकतो. डोळे मिटलेले आहेत, परंतु निद्रा अद्याप आलेली नाही. भिंतीपलीकडून मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, खोकला ऐकू येतो आणि प्रत्येक खोकल्यासरशी माझा निर्धार अधिकच दृढ होतो. संध्याकाळच्या एसटीने त्यांना पुण्यास, त्यांच्या सुपुत्राकडे पोहोचते करावयाचे. पिशवी भरून दाराशी ठेवलेली आहे. पत्नी एस्तेर प्रभूकडे गेल्यावर जावयाने एकट्याने सासऱ्याची दाढी करावी, त्यांना न्हाऊ घालावे आणि वर त्यांच्या शिव्या खाव्यात, हा कोठला न्याय?

खोकला हळूहळू सुपाच्या आवाजासारखा होतो. पाहतो तो एस्तेर उंबऱ्यात बसून ज्वारी पाखडीत आहे. तिच्या शवपेटीवर पहिली मूठभर माती मीच टाकली होती, हे मला पूर्णपणे स्मरते. तथापि तिला येथे पाहून आश्चर्य असे वाटत नाही.

"अहो, ही पिशवी कुणाची?"

"मामांची. ते पुण्याला चाललेत. प्रभूची तशी इच्छा आहे."

"तुम्हाला सांगितलं त्यानं?"

"मी उपास धरला, प्रार्थना केली, डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं आणि बोट ठेवलं. घरदार सोडून निघण्याची आज्ञा होते, तोच अध्याय निघाला."

"पहिल्याच वेळी?"

या बाईची उलटतपासणीची सवय मरणानेही सुटलेली नाही.

"दुसऱ्या वेळी," मी म्हणतो. "पहिल्यांदा आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आली होती. पण ती जावयाला कशी लागू होईल? त्यांना स्वतःचा मुलगा आहे."

सूप थांबते. आता आम्ही देवळात आहोत. बाक रिकामे आहेत, व्यासपीठाच्या जागी आमची चूल पेटलेली आहे आणि तिच्या उजेडात एस्तेर मामांचा पांढरा सदरा निरखीत आहे.

"गळ्याचं बटण कुठंय?"

"पडलं."

"मग लावलं का नाही?"

"आता तूही सुरू कर!" माझा संयम संपुष्टात येतो. "रोज सकाळी तेच. 'जावईबापू, बटण लावलंत का?' त्यांचे हात कापतात, सुई धरवत नाही. आणि उघड्या गळ्यानं प्रभूसमोर बसणार नाही म्हणून देवळातही येत नाहीत. मीही रोज सांगतो, उद्या लावतो. अगं, मी प्रभूजवळ मोठं काम मागतोय. गावोगावी तुझ्या नावाची साक्ष द्यायला पाठव म्हणून रडतोय. आणि तू बटणाचं काढतेस!"

"मालकानं सांगितलं, बैलाला पाणी पाज. गडी म्हणाला, मालक, मला बाजाराला पाठवा. असा गडी ठेवाल तुम्ही?"

"पण ते पाणी रोज पाजावं लागतं, एस्तेर! एकदाच काय ते सांगावं, मी जीवसुद्धा देईन. हे रोज-रोज कोण करील?"

"भाकरी वर्षाची एकदम देतो का तो तुम्हाला?"

तेवढ्यात देवळाचे बाक एसटीचे बाक होतात. गाडी थरथरत उभी आहे. खिडकीशी मामा बसलेले आहेत. अंगात तोच सदरा, आणि कापऱ्या हाताने त्यांनी उघडा गळा आवळून धरला आहे. शेजारच्या अनोळखी प्रवाशास ते सांगत आहेत, "जावयाला सवड झाली नाही. माणूस वाईट नाही हो. दाढीला हात फार हलका आहे त्याचा."

त्यांनी हे मला आजवर कधीही सांगितलेले नाही.

"एस्तेर, तू लाव ना ते बटण," मी विनवतो.

ती पदराला टोचलेली सुई काढते, दोरा ओवते, दाताने तोडते. मग वैतागून ती सुई माझ्याच बनियनला खोचते.

"मी मेलेय. तुम्ही लावा."

छातीला टोचते आणि मी जागा होतो.

हात लावून पाहतो, तो बनियनला खरोखरच सुई आहे. तीत पांढरा दोरा ओवलेला आहे. एस्तेरचा शिवणाचा डबा तिच्या पश्चात मी उघडलेला नाही. सुई कोठून आली, हे मला सांगता येत नाही.

"जावईबापू!" भिंतीपलीकडून हाक येते. "गाडीची वेळ झाली, का घोरतच पडणार?"

मी पिशवीतून सदरा काढतो व त्यांच्याजवळ जाऊन बसतो.

"मामा, याचं बटण कुठंय?"

"रुमालाच्या गाठीत. तुम्ही विचारलंत कधी?"

मी गाठ सोडवतो.

"अहो, गाडी चुकेल ना!"

"चुकू द्या. उद्या देवळात जायचंय."

"आणि परवा?"

"परवाचं परवा बघू, मामा. मान वर करा, आधी दाढी करून घेऊ."

"कापलंत तर बघा," मामा म्हणतात आणि मान वर करतात.

दाढीनंतर मी बटण लावावयास घेतो. टाके संपतात, गाठ मारून होते, तरी दोरा उरतोच. एका बटणासाठी एवढा लांब दोरा कोण ओवतो? या बाईपुढे खरोखर माझा इलाज नाही.