मालनबाईचा तिसरा डाव

"काढ ती वायर! टीव्ही पिक्चर बघायला घेतलाय, बेडूक नाचवायला नाय!" कोंडीराम कडाडले.

"बाबा, एकच डाव," श्रीपत म्हणाला.

"तासभर तेच ऐकतोय. सोमवारी ही पेटी परत जायची."

पेटी म्हणजे कॉम्प्युटर. खोपोलीच्या कारखान्यातल्या मित्राने नवा घेतला आणि जुना श्रीपतला दिला. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची, पाच मिनिटं चिरचिर ऐकायची, मग पडद्यावर फरशा आणि एक बेडूक दिसे. मुंबईत नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावरच्या खेळाची ही कुणीतरी केलेली नक्कल होती. बेडकाने पाय ठेवला की फरशी पिवळी होई. पिवळीवर पुन्हा पाय पडला की खेळ संपला. सगळ्या फरशा पिवळ्या करून समोरच्या दारातून बाहेर पडायचं. तिसऱ्या डावात श्रीपत आठवडाभर अडकला होता.

त्याची आई मालनबाई लग्न होऊन कडावात आली त्याला तीस वर्षं झाली. भात, म्हशी, चूल. तिला नुसतं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण गेले चार दिवस दुपारची भांडी आवरली की ती पेटीपुढे बसे. कॅसेट लावायला तिची तीच शिकली. एकटीच हसे.

आता आतली खोली सारवून ती बाहेर आली, ती हात पुसतच.

"सरक रं. तिसरा डाव मी काढला तर पेटी राहील?"

"काढ! मग राहू दे जन्मभर," कोंडीराम हसले.

शेजारच्या विमलबाई पिक्चरसाठी लवकरच येऊन बसल्या होत्या. "मालन, म्हशी तहानल्यात गं तुझ्या!"

बेडूक आतल्या कोपऱ्यात उभा होता.

"आई, आधी दाराकडं पळ, नायतर दाराची वाट बंद हुईल," श्रीपत म्हणाला.

"गप. खोली सारवताना दाराशी सुरुवात करतात का? मग वल्यावर पाय देत बाहेर येशील?"

तिने आधी मागच्या भिंतीलगतच्या फरशा उरकल्या. मग एकेक ओळ घेत, मागचं काही न ठेवता, दाराकडे सरकत आली. शेवटची फरशी. दार. पेटी पिपाणीसारखी वाजू लागली.

"अगं बया!" विमलबाईंनी टाळ्या पिटल्या.

पिक्चरची वेळ होऊन गेली होती. कोंडीराम पडद्याजवळ सरकले. "चौथ्यात काय असतं रं?"

मालनबाई उठली.

"पेटी हितंच राहील. शनिवारी पिक्चर. बाकी रोज चार ते पाच मी खेळणार, तवा म्हशींना पाणी तुमी पाजायचं."