आत्याचं मशीन कशानं बंद पडलं

चितेगावच्या एका कारखान्यात मी बत्तीस वर्षं फिटर होतो. निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात हर्सूलला आत्याच्या बागेत गेलो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये रिकाम्या पोत्यांच्या ढिगातून दोन लोखंडी दांडे वर आलेले दिसले. पोती ओढून काढली. खाली बाग उकरायचं जुनं विलायती मशीन होतं. दोन चाकं, पुढं एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागं पाच फण. दांडे धरून त्याच्यामागं चालायचं, की झाडांच्या ओळींमधली जमीन भुसभुशीत होत जायची.

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. निजामाची राजवट संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी एका जहागीरदाराच्या बागेतलं सामान विकायला निघालं, त्यात मामांनी हे मशीन घेतलं. मामा सकाळी कचेरीत जायचे, म्हणून ते चालवायला आत्याच शिकली. लहानपणी मी तिला पदर खोचून मोसंबीच्या ओळीतून मशीन नेताना पाहिलंय. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे.

पुढं मी आयटीआयला असताना ते बंद पडलं, एवढंच मला माहीत होतं.

"आत्या, हे मी दुरुस्त करू का?" मी विचारलं.

ती शेंगा निवडत होती. वर न बघता म्हणाली, "नको. ते जाम झालंय. मीच जाम केलंय."

मग थोडं थोडं करून तिनं सांगितलं. चालता चालता मशीन एकदम खाडकन थांबलं. सुरू करायची दोरी ओढली तर जागचं हलेना. मामा आले, त्यांनी विचारलं, "तेल बघितलं होतं का?" रोज बघायची, पण त्या दिवशी बघितलं का नाही ते तिला ऐन वेळी आठवेना. मामा गड्यांसमोर म्हणाले, "बाईच्या हातात इंजिन दिलं की असंच होणार." मशीन शेडमध्ये ढकललं, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बैल. नंतर आत्यानं स्कूटर शिकायचं नाकारलं, मोटारपंपाचं बटनसुद्धा गड्यालाच दाबायला लावायची. हे मी इतकी वर्षं बघत होतो, पण त्याचा या मशीनशी काही संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं.

मी मशीन टेम्पोत घालून घरी आणलं. तिनं अडवलं नाही.

पहिल्यांदा इंजिनाच्या बुडाचा बोल्ट सोडला. खाली पातेलं धरलं होतं, ते केवळ पद्धत म्हणून. पण त्यात काळं, पाकासारखं घट्ट तेल उतरायला लागलं. उतरतच राहिलं. दीड पेला भरला. इंजिनाला लागतं तेवढंच.

मी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "नंतर कुणी ओतलं असल."

तसंही असू शकलं असतं, म्हणून मी वाद घातला नाही. सिलिंडरचं डोकं काढलं. तेलाविना चाललेल्या इंजिनात पिस्टन सिलिंडरला उभे ओरखडे पाडतो. कारखान्यात मी असे कितीतरी सिलिंडर हाताळलेत. इथं एकही ओरखडा नव्हता, फक्त वरच्या कडेला गंजाचा पट्टा. गंज सुटावा म्हणून सिलिंडरमध्ये डिझेल भरून चार दिवस ठेवलं. तरी इंजिन फिरेना. मग अडलं कुठं?

राहिलं फ्लायव्हील, म्हणजे ज्याला दोरी गुंडाळून इंजिन सुरू करतात ते जड चाक. ते ओढून काढायला पुलर लागतो. तो त्या काळी हर्सूलला कुणाकडं असणार? मी लेथवाल्याकडून मापाचा करून घेतला. बोल्ट आवळत गेलो तसं चाक ठक्कन सुटलं आणि त्याच्यातून बोटाएवढी लोखंडाची पट्टी खाली पडली. चाकात आतून चुंबक बसवलेलं असतं, त्यावरच ठिणगी तयार होते. त्या चुंबकाचा स्क्रू तुटला होता आणि चुंबक सुटून चाक आणि आतल्या तारेच्या कॉइलच्या मध्ये पाचरीसारखं बसलं होतं. चाक ज्यावर बसतं तो इंजिनाचा दांडा मी हातानं फिरवला. पिस्टन कुरकुर करत खाली गेला.

कॉइल घेऊन शहागंजच्या मागं एका म्हाताऱ्या वायंडिंगवाल्याकडं गेलो. त्यानं मीटर लावून पाहिलं. "इसकू कुछ नै हुआ, भाईजान. अब ऐसा माल कां मिलता? लेके जाओ." चुंबक नवा स्क्रू घालून बसवलं, कार्बोरेटर उकळत्या पाण्यात साफ केला. सुरू करायची दोरी गुलमंडीत मिळाली. दुकानदारानं विचारलं, "पाळण्याला पाहिजे का?" मी हो म्हणालो, समजावत कुठं बसू.

पण चुंबक बसवायच्या आधी मी ते घेऊन हर्सूलला गेलो होतो. मामा पंच्याऐंशीला टेकले होते, कानानं कमी ऐकायचे. आत्यानं ते त्यांच्या हातात दिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "अहो, मशीन यानं बंद पडलं होतं. तेल होतं आत. दीड पेला."

मामांनी मला दोनदा सगळं सांगायला लावलं. मग ती पट्टी लोखंडी पलंगाच्या पायाला लावून पाहिली. चिकटली.

"तवाच खोलून बघायला पाहिजे होतं मी," ते म्हणाले. मग आत्याकडं वळले. "आन् बोललो ते गड्यांसमोर बोललो."

"व्हय," आत्या म्हणाली. "चार गडी होते."

त्यांतले तीन आता नव्हते. चौथा अजून बागेत पाणी धरायला यायचा. मशीन सुरू करायच्या दिवशी मामांनी काठी टेकत टेकत शेडपर्यंत येऊन त्याला हाक मारली आणि आमच्या सगळ्यांसमोर सांगितलं, "इंजिन हिनं नाय बिघडवलं. लोहचुंबक सुटलं होतं. मी उगं हिला बोललो."

तो बिचारा गोंधळला. "मालक, मला तर काईच याद नाय."

"मला याद हाय," आत्या म्हणाली. "तेवढं पुरं."

नवव्या की दहाव्या ओढीला इंजिन फटफटलं. निळा धूर निघाला, कुत्रं पळालं. मी दांडे धरायला पुढं झालो, तर आत्यानं मला कोपरानं बाजूला सारलं. तिचा खांदा दुखरा होता, म्हणून मी एका बाजूनं चालत राहिलो, पण हात लावायची गरज पडली नाही. पहिली ओळ वाकडी गेली. वळताना क्लच सोडायचं तिला बरोबर आठवलं. दुसरी ओळ सरळ झाली. तिसरीला दम लागला, तेव्हा इंजिन तिनंच बंद केलं आणि बांधावर बसून पाणी मागितलं.

मामा तोवर उन्हात उभेच होते.

त्यानंतर ते मशीन तीन हंगाम चाललं. मग गिअरच्या डब्यातून तेल गळायला लागलं. त्याचं तेल अडवणारं रबरी सील अजून मिळालेलं नाही, वाळूजला एकाकडं माप देऊन ठेवलंय. आत्याचा दर आठवड्याला फोन असतो. पेरूच्या ओळीत गवत लई वाढलंय म्हणते, आणि सीलचं काय झालं ते विचारते.