वरणाची फितुरी

घरमालकानं घर विकायला काढलं आणि माझं डोकंच फिरलं. प्रताप नगरातल्या एका प्लॉट पाडलेल्या लेआउटमध्ये आम्ही बारा वर्षं भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, कवेलूचं छप्पर, मागे विहीर. एवढंच, पण माझा भारी जीव होता त्या घरावर. घेणारा स्वतःच राहायला आला, तर आमचं बिऱ्हाड रस्त्यावर. नवरा म्हणाला, "होईन ते होईन." त्याचं नेहमीचंच. मी मात्र पदर खोचला.

घर पाहायला माणसं येऊ लागली. मालक त्यांना दारापर्यंत आणून सोडी आणि स्वतः अंगणात तंबाखू मळत बसे. मग घर दाखवायला उरलं कोण? मी!

पहिले आले ते एक रिटायर साहेब. टरबूज घेताना ठोकतात तशी त्यांनी भिंत ठोकली.

"पाणी येतं का?"

"येते ना," मी म्हटलं, "पावसाळ्यात तं वरूनबी येते."

"आणि शेजार?"

मी नुसता सुस्कारा सोडला. खरं तर शेजारीण बिचारी कुंपणावरून लोणच्याची वाटी पुढे करणारी. पण सुस्काऱ्याला कोण पुरावा मागतं? साहेबांनी चहा अर्धाच घेतला.

मग एक जोडपं आलं. बाईला मी बाजूला घेऊन सांगितलं, विहिरीचं पाणी इतकं जड आहे की डाळ शिजता शिजत नाही, दोन-दोन तास चूल जाळावी लागते. तिनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं, झालं. मला लाजबिज काही वाटली नाही. उलट त्या दिवशी मी शिरा केला.

शेवटी उमरेडहून एक मास्तरीणबाई आल्या. एकट्याच होत्या, म्हातारपणाला आधार म्हणून भाड्यानं द्यायला एक घर पाहत होत्या. त्यांनी भिंत ठोकली नाही. माझं सगळं पुराण निमूट ऐकून घेतलं, मग सरळ स्वयंपाकघरात शिरल्या आणि पातेल्यावरचं झाकण उचललं. आत वरण. लोण्यासारखं मऊ शिजलेलं!

"काहून वं बाई, हे कोन्या पाण्याचं?"

मी त्यांच्या हातातलं झाकण घेऊन पातेल्यावर परत ठेवलं.

"अन् घर इतकं खराब हाय, तं बारा वर्षं काहून राहून राहिल्या?"

मला रडूच फुटलं. मग काय, रडता रडता सगळं ओकून मोकळी झाले. विहिरीचं पाणी गोड आहे, छप्पर कुठ्ठे गळत नाही, शेजारीण सख्ख्या बहिणीसारखी आहे, मे महिन्यातही मागच्या खोलीत दुपारी झोप लागते, आणि हे घर सोडून मला कुठ्ठे जायचं नाही. बोलून झालं तेव्हा कळलं, मालकाला दोन महिन्यांत जमलं नाही ते मी दोन मिनिटांत केलं होतं. घर विकून बसले होते.

बाई अंगणात गेल्या, मालकाशी बराच वेळ बोलल्या आणि परत आल्या.

"घेतलं मी घर."

"अन् आमी?" मी पदरानं डोळे पुसत विचारलं.

"राहा ना. मले भाडेकरूच पाह्यजे," बाई म्हणाल्या. "फक्त मी विकायले काढीन, तवा तुमी पयले माहेरी निघून जाजा."