गप न बसणारी सृष्टी

मिठबावच्या सत्यवानची सृष्टी गप बसलेली कोणी पाहिली नाही. शाळेत बाईंनी तिला बडबडीपायी वर्गाबाहेर उभं केलं, तर तिथे ती शिपायाशी गप्पा मारत बसली. पुढे त्याच तोंडाने तिला नाव मिळवून दिलं. जामसंड्याच्या कापडदुकानात ती कामाला लागली आणि मालकाने सेलची जाहिरात तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतली. भोंगा लावलेली रिक्षा ती जाहिरात वाजवत गावोगाव फिरायची. साडी, परकर, टॉवेल, सगळं तिने यमकात असं बसवलं होतं की पोरं रिक्षामागे धावत ते म्हणायची. रिक्षा मिठबावात शिरली की सत्यवान आंब्याच्या बागेतलं काम टाकून दगडी गडग्यापाशी येऊन उभा राहायचा. "माजा चेडू ता," ही माझी मुलगी, असं तो रिक्षावाल्यालाच सांगायचा. जसं काही त्या बिचाऱ्याला ते माहीतच नव्हतं!

हीच यमकं बीटवर चढली आणि त्यांचं रॅप झालं, तेव्हा मात्र लोकांची तोंडं वाकडी झाली. कलमांची नासधूस करणारी माकडं, न येणारी एसटी, असल्या विषयांवर ती मालवणीत रॅप करून मोबाइलवर टाकायची. वेंगुर्ल्याच्या एका महोत्सवात ती स्टेजवर चढली, तर दोन बायका तिचं संपेपर्यंत थांबल्या आणि मग विचारायला आल्या, सेल कुठल्या तारखेपर्यंत आहे म्हणून. सृष्टी त्या रात्री रडली. सकाळी उठून तिने त्या दोन बायकांवरच नवं रॅप रचलं. अशा मुलीला अडवणार कोण?

मग एका मालिकेसाठी विचारणा आली. रॅपमध्ये नाव काढायला धडपडणाऱ्या चार मुलींची विनोदी गोष्ट, त्यातली एक मुलगी कोकणातली. दुकानाच्या ट्रायल रूममध्ये पडदा ओढून सृष्टीने व्हिडिओ कॉलवर ऑडिशन दिली. रॅप त्यांना आवडलं. पण दिग्दर्शक म्हणाला, "जरा वेडगळ बोल ना. मालवणी म्हटल्यावर लोक हसले पाहिजेत."

"लोकांना मी हसवीन, सर," सृष्टी शुद्ध मराठीत म्हणाली. "माझ्या बोलीला हसायचं असेल, तर दुसरी मुलगी बघा."

आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असं तिला दोन दिवस वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी निरोप आला की तूच हवीस, तू बोलतेस तशीच, सोमवारी मुंबईला ये.

घरात आई, यशोदा, हरखून गेली. सत्यवान मात्र हरखला नाही. त्याचा धाकटा भाऊ असाच मुंबईला गेला होता. आधी दर महिन्याला यायचा, मग फक्त गणपतीला, मग तेही थांबलं. त्याच्या वाट्याची खोली अजून कुलपात होती. पण सत्यवानने त्यातलं काही तोंडातून काढलं नाही. "देवाक इचारूया," एवढंच म्हणाला.

सृष्टीने मान डोलावली. देवाला डावलून जायची तिची छाती नव्हती आणि तशी इच्छाही नव्हती. शनिवारी सकाळी सगळी गावच्या देवळात कौल लावायला गेली. गुरवाने देवाच्या ओल्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान गाव सोडून मुंबैक जावचा काय?"

"होय म्हाराजा!" जमलेली दहा-बारा माणसं रिवाजाप्रमाणे ओरडली.

पाकळी डावीकडची पडली. यशोदाने डोळ्यांना पदर लावला. सृष्टी मात्र हलली नाही.

"गुरवकाका, माजा पण गाऱ्हाणा घाला."

"काय ता?"

"ह्या चेडवान आजपासून गप रवाचा काय?"

गुरव तिच्याकडे बघतच राहिला. पण देवळात आलेल्याचं गाऱ्हाणं नाकारता येत नाही. त्याने पाकळ्या पुन्हा चिकटवून ते घातलं, माणसं ओरडली, आणि पाकळी पुन्हा डावीकडचीच पडली. कोणीतरी खुसखुसलं. आता जाऊ नको म्हणतो आणि गप बसू नको म्हणतो, तर देवाच्या मनात आहे तरी काय? गुरवाने कपाळ खाजवलं.

तेव्हा सत्यवान पुढे झाला. आवाज दाबत म्हणाला, "माजा गाऱ्हाणा रवला. इचार, माजा चेडू परत येतला काय?"

बाप कशाला भीत होता, ते सृष्टीला तेव्हा कळलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. या खेपेला पाकळी हलेना. डावी नाही, उजवी नाही, दोन्ही घट्ट चिकटून बसल्या. सत्यवान हात जोडून बघत राहिला.

सृष्टीला राहवलं नाही. ती बाप आणि देव यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"बाबा, ता देवाक कित्याक इचारतास? माका इचारा."

सत्यवानने तिच्याकडे पाहिलं.

"येतलंस मा गो परत?"

"येतलंय!" भोंग्याची सवय असलेला तो आवाज सभामंडपात घुमला.

"होय म्हाराजा!" माणसं सवयीने ओरडली आणि मग आपण काय केलं ते कळून हसू लागली. गुरवही हसला.

सत्यवानने खांद्यावरच्या टॉवेलाने तोंड पुसलं. "मगे उद्याची गाडी गाठूक होयी," तो म्हणाला, आणि चपला शोधायला बाहेर पडला. पाकळी कुठली पडते, ते बघायला तो थांबला नाही.