आपल्याच दुकानातली गोळी

उदगीरला धान्याच्या मोंढ्याजवळ माझ्या सासऱ्यांचं, वीरण्णाअप्पांचं, औषधाचं दुकान आहे. गिऱ्हाईक काउंटरला टेकलं की अप्पा नुसता चेहरा बघून अँटिबायोटिकची पट्टी कापायचे. "डॉक्टरकडं कशाला रांग लावतूस? हे घे, दोन दिसांत उठून बसतूस." लोक उठून बसायचेही. स्वतः अप्पांना शिंक आली तरी चहाबरोबर तीच गोळी. आमच्या घरात तिला औषध कुणी म्हणतच नसे. जेवणानंतरच्या बडीशेपेसारखी होती ती.

गेल्या दिवाळीनंतर अप्पांचा खोकला हटेना. लातूरला तपासणी केली तर फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. केमोचा गुण आला नाही, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवली.

"हे इंजेक्शन गाठीला थेट मारत नाही," ते म्हणाले. "गाठीनं तुमच्या शरीरातल्या सैनिकांना थोपवून धरलंय, त्यांना ते मोकळं करतं. लढायचं त्यांनीच." मग विचारलं, "एवढ्यात दुसरं कुठलं औषध घेतलंत?"

"न्हाई," अप्पा ठासून म्हणाले.

खोटं बोलत नव्हते बिचारे; त्यांच्या लेखी ती गोळी औषधात जमाच नव्हती. खोकला वाढलेला बघून डॉक्टर परत धाडतील, या भीतीनं लातूरला निघण्याआधी त्यांनी दुकानातली भारीतली अँटिबायोटिक घेतली होती. पहिल्या इंजेक्शननंतर जुलाब झाले, तेव्हा आणखी एक पट्टी संपवली. वर, पोटाला हलकं पाहिजे म्हणून अत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई दानम्मांनी, भाकरी-डाळ बंद करून चहा-बिस्कीट आणि मऊ भात सुरू केला.

काही इंजेक्शनं झाल्यावर स्कॅन केला. गाठ वाढली होती. डॉक्टरांनी सगळं नव्यानं विचारलं, तेव्हा जुलाबाचा विषय निघाला आणि त्यामागून पट्ट्यांचा. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात. सैनिकांना तयार करण्यात त्यांचा हात असतो, असं दिसतंय. उपचाराच्या आसपास अँटिबायोटिक घेतलेल्यांना हे इंजेक्शन कमी लागू पडतं, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. पण तुमचं त्यामुळंच बिघडलं, हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत."

"मग ते परत आत घालता येतेत का वो?" अप्पांनी विचारलं.

"निरोगी माणसाच्या पोटातले देऊन बघताहेत, पण ते अजून प्रयोगात आहे. माझ्या हातात आज नाही. जिवाणूंच्या गोळ्या मिळतात, त्याही स्वतःच्या मनानं घेऊ नका. भाकरी, डाळ, भाजी, सोसेल तसं खा. आणखी दोन इंजेक्शनं देऊ, मग पुन्हा स्कॅन."

परतताना गाडी माझे यजमान, मल्लिनाथ, चालवत होते. अप्पा म्हणाले, "मल्ल्या, साऱ्या बाजाराला दिल्या की रं मी त्या गोळ्या."

अत्याबाईंनी मात्र डॉक्टरांचा शब्द झेलला. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेपू, ताक. ताट पुढं ठेवून विचारायच्या, "वाढले का ते जंतू?"

"ते काय सोयाबीन हाय व्हय, उगवलेलं दिसाया?"

"मग डॉक्टरला कसं कळतंय?"

"स्कॅनात."

"त्यात जंतू दिसतेत?"

"न्हाई. गाठ दिसती."

अत्याबाई तव्याकडं वळायच्या.

काल अप्पांना दोन घासांतच मळमळायला लागलं. अत्याबाई ताट उचलेनात. "एवढी चतकोर तर हाय. खावा की."

"उतरत न्हाई गं. शिवकन्या, तू तरी सांग हिला."

अप्पा माझ्याकडं वळले होते. खा म्हणावं, तर घास गळ्याखाली जात नव्हता. राहू द्या म्हणावं, तर आम्हाला करता येण्याजोगं दुसरं काही उरलं नव्हतं. आणि हेही आता कामी येईल का, ते डॉक्टरांनासुद्धा ठाऊक नाही. मी ती चतकोर भाकरी ताकात बारीक कुस्करली आणि चमचा अप्पांच्या हातात दिला.